डाव ताईवर

कामावर निघताना धाकटा कॅमेऱ्याच्या आधी मोजे बघायचा. जाड लोकरीचे, दोन जोड. जागेवर पोचलं की बूट दाराशी काढायचे आणि नुसत्या मोज्यांवर चालायचं, हा त्याचा शिरस्ता होता. त्याच्या फिल्ममध्ये पावलांचा आवाज येऊन चालत नसे.

धाकटा हेडसेटसाठी फिल्म करायचा. साधी फिल्म माणूस समोर बसून बघतो. ही आतून बघायची असते. हेडसेट डोळ्यांवर चढवला की बघणारा थेट त्या जागेत उभा. मान वळवावी तशी खोली फिरते, खाली बघावं तर जमीन दिसते. अशा वेळी परक्याची पावलं वाजली की सगळ्या मेहनतीवर पाणी. बघणाऱ्याला लगेच कळतं, या डोळ्यांमागे आपण नाही, भलतंच कुणीतरी आहे. म्हणून मोजे. म्हणून घरातल्या आरशांवर चादर टाकायची, शिंक आली तर गिळायची, आणि डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखं चालायचं. मान जोरात हलली की बघणाऱ्याला मळमळतं.

धाकटा म्हणजे कुणी कोवळा पोरगा नव्हे. त्रेपन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, उठताना गुडघ्यावर हात टेकणारा गृहस्थ. पण घरात शेवटी जन्माला आलेला माणूस मरेपर्यंत धाकटाच राहतो, त्याला इलाज नाही.

त्याची कॅमेऱ्याची टोपी त्यानं स्वतः बनवलेली होती. टोपीवर एक पट्टी, पट्टीवर दोन छोटे कॅमेरे, डाव्या डोळ्याचा एक आणि उजव्याचा एक. कानांच्या जागी दोन माइक. दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर स्क्रू फिरवून कमीजास्त करता यायचं, आणि सगळी गोम त्या स्क्रूतच होती. मोठ्या माणसाच्या दोन डोळ्यांत बासष्ट-त्रेसष्ट मिलिमीटर अंतर असतं. पट्टीवर तेवढंच ठेवलं तर जग जसंच्या तसं दिसतं. वाढवलं तर मोठमोठी घरं खेळण्यातली वाटू लागतात. कमी केलं तर उलटं होतं, साधं स्टूलही अंगावर येतं. म्हणून प्रत्येक कामाआधी तो पट्टीला मोजपट्टी लावायचा. एकोणीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

मार्चमध्ये ताईचा फोन आला.

"धाकट्या, आपलं घर पाडतायत. सोमवारी."

"कळलं मला. नोटीस माझ्याकडेच आली."

"मला तिथं एकदा जायचंय. पण या गुडघ्यांनी तो जिना काय चढणार मी? तू लोकांची घरं त्या झापडात घालून देतोस ना, तसं आपलं दे."

हेडसेटला ताई झापड म्हणायची. घोड्याच्या डोळ्यांना लावतात तसलं. ती साठीची होती, यजमान जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी दूरच्या शहरात. लिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तिथं एकटी राहायची आणि सगळ्या जगाला नावं ठेवत मजेत असायची. तिची एकच खोड धाकट्याला लहानपणापासून ठाऊक होती. ती कुठंही गेली तरी भिंतीला पाठ लावून बसायची. लग्नकार्यात, दवाखान्यात, स्वतःच्या घरातसुद्धा. तिच्या घरातल्या सगळ्या खुर्च्या भिंतीला चिकटलेल्या होत्या.

"आणि जिन्याखालचं कपाट नक्की घे," फोन ठेवता ठेवता ती म्हणाली.

घर म्हणजे कागद कारखान्याच्या वसाहतीतलं कोपऱ्यावरचं घर. बाबा तिथं मुकादम होते. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, मध्ये लाकडी जिना, वर दोन खोल्या. स्वयंपाकघरातल्या जमिनीला लाल रंग होता आणि तो पायांना लागायचा. वसाहतीतल्या सगळ्या पोरांचे तळवे बारा महिने लाल असायचे. एवढंसं घर, पण त्यात तीन मुलं वाढत होती. ताई, मधली ठकी आणि धाकटा.

ताई नऊ वर्षांची, ठकी सहाची आणि धाकटा दोनाचा असताना एका दुपारी लपाछपी खेळता खेळता ठकी नाहीशी झाली. डाव ताईवर होता. ताईनं शंभर आकडे म्हटले, सगळीकडे शोधलं, ठकी सापडली नाही, असं तिनं संध्याकाळी आईला सांगितलं. मग बाबांनी शोधलं, वसाहतीनं शोधलं, पोलिसांनी शोधलं. जिन्याखालचं कपाट तर पहिल्या तासातच उघडून बघितलं होतं. रिकामं होतं. विहिरीत गळ टाकले, कारखान्याचे हौद उपसले. काही नाही.

त्यानंतर बाबांनी तीनदा बढती नाकारली, कारण बढती म्हणजे बदली. पोरगी परत आली तर घर कुठं शोधेल, म्हणायचे. आई मागच्या दाराला कधीही कडी घालायची नाही. आणि चहाच्या वेळी पाच कप मांडायची, मग एक उचलून परत फळीवर ठेवायची. धाकट्याला ठकी म्हटलं की तो पाचवा कप आठवायचा. बाकी काहीच आठवत नव्हतं आणि त्याची त्याला फार लाज वाटायची. ठकीचा एकच फोटो होता, आणि त्यातही ऐनवेळी मान हलवल्यामुळे तिचा चेहरा पुसट आला होता.

रविवारी दुपारी तो घरी गेला. खिडक्यांच्या चौकटी कुणीतरी आधीच उपटून नेल्या होत्या. आत ऊन होतं, धूळ होती. बूट काढले, मोजे चढवले, टोपी घातली. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, मागचं दार, जिना, वरच्या दोन खोल्या, परत खाली. आईच्या फळीपुढे जरा जास्त थांबला. शेवटी जिन्याखालच्या कपाटापाशी आला. कपाटाची कडी गंजून बसली होती. त्यानं दोनदा ओढून बघितली आणि नाद सोडला. दहा सेकंद दारासमोर उभा राहिला आणि कॅमेरा बंद केला. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. बूट घालताना त्याला रडू आलं आणि तो तिथंच पायरीवर बसून मनसोक्त रडला, कारण बघायला कुणी नव्हतं.

सोमवारी सकाळी आठला घर पाडलं. साडेनऊला धाकट्यानं आपल्या खोलीवर हेडसेट चढवला.

घर प्रचंड मोठं दिसत होतं. छत कुठल्या कुठे उंच गेलेलं. जिन्याची एकेक पायरी चढायला दोन्ही हात टेकावे लागतील अशी. त्यानं हेडसेट काढला आणि पट्टीला मोजपट्टी लावली. पन्नास मिलिमीटर. शुक्रवारी त्यानं गाडी शिकवणाऱ्या एका शाळेसाठी फिल्म केली होती, सहा वर्षांच्या मुलाला रस्ता कसा दिसतो ते चालकांना कळावं म्हणून. टोपीवरची पट्टी काढून चाकांच्या गाड्यावर बसवली होती आणि अंतर पन्नासवर आणलं होतं. ते परत वाढवायचं राहून गेलं. शूटिंगच्या वेळी छोट्या पडद्यावर एकाच डोळ्याचं चित्र दिसतं, त्यात ही चूक दिसत नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा चुकला, तेही स्वतःच्या घराच्या वेळी, आणि आता घर जमीनदोस्त.

स्वतःला चार शेलक्या शिव्या घालून झाल्यावर त्यानं पुन्हा हेडसेट चढवला. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की दुसरंही काहीतरी चुकलंय. अंतर कमी झालं की वस्तू मोठ्या दिसतात, हे खरं. पण स्वयंपाकघराच्या दाराची कडी त्याच्या डोळ्यांसमोर येत होती. ओट्याच्या वरचं दिसतच नव्हतं, ओट्याची खालची कड दिसत होती. कॅमेरे त्याच्या स्वतःच्या डोक्यावर होते, जमिनीपासून पावणेसहा फुटांवर. अंतर पन्नास असो नाहीतर पाच, उंची कशी बदलेल? त्यानं कागदावर आकडे मांडून बघितले. हिशेब बसेना. टोपी घसरली असेल, अशी मनाची समजूत घालून तो दुपारी ताईकडे गेला. काय झालं ते प्रामाणिकपणे सांगितलं.

"बघू तर," ताई म्हणाली. भिंतीला टेकलेल्या खुर्चीत बसून तिनं झापड चढवलं.

धाकट्यानं लॅपटॉप जोडला. ताईला जे दिसायचं ते त्याला लॅपटॉपवर सपाट दिसायचं. बैठकीची खोली सुरू झाली आणि ताईचं तोंड हळूहळू उघडलं.

"अगं बाई! एवढं मोठं!"

"सांगितलं ना, अंतर चुकलं."

"चुकलं काय म्हणतोस? असंच होतं ते. मोठेपणी गेले की मलाच वाटायचं, घर धुऊन आक्रसलं की काय. हे बरोबर आहे रे. हीच ती पायरी, इथं माझा दात पडला होता." ती हात पुढे करून हवेत चाचपू लागली, हसू लागली, झापडाखालून पाणी गालावर आलं. धाकट्यालाही भरून आलं. चुकीतून असं काही निघेल असं त्याला वाटलं नव्हतं.

स्वयंपाकघरापाशी ताईचं हसू थांबलं.

"अनवाणी चाललास का तू?"

"छे. दोन जोड मोजे होते."

तिनं कानावरचा स्पीकर जरा सरकवून त्याला ऐकवला. लाल जमिनीवर उघडी पावलं वाजत होती. चट, चट, चट. भरभर, हलकी. आणि पावलांच्या वर, अगदी जवळ, कुणाचा तरी श्वास. प्रत्येक श्वासाच्या शेवटी नाकातून बारीक शिट्टी.

ताईनं झापड काढून मांडीवर ठेवलं.

"ठकीचं नाक कायम चोंदलेलं असायचं," मग म्हणाली. "रात्री तिची शिट्टी ऐकत मी झोपायची. आई म्हणायची, आपल्याकडे कुकर आणि ठकी, दोघांच्या शिट्ट्या मोजायच्या."

"ताई, माइकला वारा लागला असेल. खिडक्या नव्हत्या."

"असेल," ती म्हणाली. "झापड इथंच ठेवून जा."

खोलीवर आल्यावर त्यानं आवाज तपासला. पावलं होती. शिट्टी होती. फाइल अकरा मिनिटं चाळीस सेकंदांचीच होती. शुक्रवारच्या कामातला आवाज मिसळला असेल म्हणून तेही बघितलं, पण तिथं फक्त रस्ता होता. मंगळवार, बुधवार तो दुसऱ्या कामांत होता. ताईला दोन्ही संध्याकाळी फोन केला. तिनं उचलला, बरी आहे म्हणाली आणि ठेवला. एरवी ती अर्धा तास सोडायची नाही.

गुरुवारी दुपारी तिचाच फोन आला.

"धाकट्या, कपाट उघडलं."

"कुठलं कपाट?"

"किती कपाटं होती रे आपल्याकडे?"

तो हातातलं काम टाकून, लॅपटॉप घेऊन गेला. ताईनं दार उघडलं तेव्हा तिच्या कपाळावर झापडाचा लाल वळ होता, तासन्‌तास घातल्यावर उमटतो तसा. तिनं त्याला लॅपटॉपपुढे बसवलं आणि स्वतः खुर्चीत बसली.

अकरा मिनिटं चाळीस सेकंदांनी जिथं त्यानं कॅमेरा बंद केला होता, तिथं फिल्म बंद झाली नाही. गंजलेली कडी त्याच्या डोळ्यांदेखत वर झाली. दार उघडलं, आत अंधार, मग दार आतून ओढून घेतलं गेलं. दाराच्या फटीतून उजेडाची एक उभी रेघ तेवढी उरली. श्वास, शिट्टी, श्वास, शिट्टी.

आणि बाहेर, भिंतीकडे तोंड करून म्हटल्यासारखा, एका मुलीचा आवाज. "एक, दोन, तीन, चार..."

धाकट्यानं पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. फिल्मचं घड्याळ अकरा चाळीसवर थांबलेलं होतं.

आवाज शंभरापर्यंत गेला. मग पावलं. जिन्याकडे नाही, कपाटाकडे नाही. पावलं पुढच्या दाराकडे गेली. दाराची खिटी वाजली, दार ओढून घेतलं गेलं, आणि सगळं शांत झालं. श्वास चालूच होता. मधूनच एक दाबलेलं हसू.

"पुढे?" धाकट्यानं विचारलं.

"पुढे हेच. तासन्‌तास. काल मी अंधार पडेपर्यंत बसले होते." ताईनं झापड काढलं. "तो आवाज माझा होता."

"कळलं मला."

"मी शोधायला गेलेच नाही, धाकट्या."

त्यानं लॅपटॉपचा आवाज बंद केला.

"सारखी मागे मागे यायची माझ्या. शेपूट नुसतं. त्या दिवशी शेजारच्या मैत्रिणीकडे नव्या रंगपेट्या आल्या होत्या. ठकी आली की सगळे रंग मोडणार. म्हणून म्हटलं, चल, लपाछपी खेळू. शंभर आकडे मोठ्यानं म्हटले आणि गेले निघून. चार तास चित्रं काढत बसले होते मी." तिचा आवाज चिरकला. "आणि तिला लपता तरी कुठं यायचं? कुठंही लपली तरी एक पाय बाहेर. दरवेळी. नुसती नजर फिरवली असती तर मिनिटभरात सापडली असती. संध्याकाळी आईला म्हटलं, सगळीकडे शोधलं. एक्कावन्न वर्षं हेच म्हणतेय मी."

नऊ वर्षांची होतीस, असं धाकट्याला म्हणावंसं वाटलं. पण ते तिनं स्वतःला हजारदा सांगून बघितलं असणार. तो उठून तिच्या शेजारी जाऊन बसला. तिचा हात हातात घेतला. हात बर्फासारखा गार होता.

"म्हणून तू भिंतीला पाठ लावून बसतेस?"

"धप्पा," ताई म्हणाली. "लपलेल्यानं मागून येऊन शोधणाऱ्याच्या पाठीत धप्पा घातला की शोधणारा हरला. मी एवढी वर्षं तिला पाठच दिली नाही बघ. भीती वाटायची, खरंच आली तर काय तोंड दाखवू?"

"आपण ती फिल्म पुसून टाकू."

"खबरदार!" ती एकदम मोठ्या बहिणीच्या आवाजात म्हणाली. "उद्या ये. याच वेळी. आणि ती खुर्ची मला हलत नाही, ती हलवायला मदत कर."

शुक्रवारी तो गेला तेव्हा ताईनं केस विंचरले होते, स्वच्छ पांढरा स्वेटर घातला होता. खिडकीचे पडदे बाजूला होते, चार वाजताचं ऊन थेट आत आलं होतं. दोघांनी मिळून खुर्ची भिंतीपासून ओढली आणि खोलीच्या बरोबर मध्ये ठेवली. तोंड खिडकीकडे, पाठ दाराकडे. धाकट्यानं लॅपटॉप बाजूच्या टेबलावर उघडला. त्याचीही पाठ दाराकडे आली. जागाच तेवढी होती.

ताई बसली. पाठीला भिंत नसल्यामुळे तिला नीट बसता येईना. तिनं दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले.

"लाव," ती म्हणाली.

खोली, स्वयंपाकघर, जिना, कपाट. कडी वर झाली. अंधार. उजेडाची रेघ.

"एक, दोन, तीन..."

शंभर झाले. पावलं गेली. खिटी वाजली.

शांतता.

"ठकी," ताई म्हणाली. झापड डोळ्यांवर, तोंड खिडकीकडे, आवाज अगदी साधा. "मी हरले गं. ये बाहेर. पाठ मोकळी आहे माझी."

श्वास थांबला.

लॅपटॉपवरची उजेडाची रेघ रुंद झाली. दार ढकललं जात होतं. धाकटा जिन्याची, लाल जमिनीची वाट बघत होता.

जिना दिसला नाही.

एक अरुंद बोळ दिसला. बोळाच्या शेवटी उन्हानं भरलेली खोली. खोलीच्या मध्ये एक खुर्ची, तिच्यात पांढऱ्या स्वेटरातली एक बाई, करड्या केसांवर हेडसेटचे काळे पट्टे. बाजूच्या टेबलाशी लॅपटॉपवर वाकलेला एक माणूस. त्याला मागूनही एवढं टक्कल पडलंय हे धाकट्याला आजवर माहीत नव्हतं.

तो वळला नाही. वळता आलंच नाही.

चट. चट. चट.

लॅपटॉपवर खोली जवळ येत होती. खुर्चीची पाठ डोळ्यांच्या पातळीला आली. शिट्टी आता स्पीकरमधून येत नव्हती.

चित्राच्या खालच्या बाजूनं एक हात वर आला. छोटा, नखांत माती.

"धप्पा!"

ताई खुर्चीत दचकली, पुढे झुकली, आणि मग हसायला लागली. रडत रडत, खांदे हलवत, लहान मुलीसारखी हसायला लागली. तिनं झापड ओरबाडून काढलं. धाकट्यानं आता मान वळवली. दारात कुणी नव्हतं. बोळात कुणी नव्हतं. लॅपटॉपवर काळा पडदा आणि अकरा चाळीस.

"ताई..."

"गप्प बस. डाव माझ्यावर आहे."

ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली. भिंतीपाशी गेली, कोपरात डोळे दाबले आणि मोठ्यानं मोजू लागली. "एक, दोन, तीन, चार..." घाई नाही, एकही आकडा गाळणं नाही. धाकट्याच्या पाठीमागून अनवाणी पावलं आतल्या खोलीकडे धावली. थबकली. परत आली. नाकातली शिट्टी त्याच्या खांद्याजवळून गेली. तो टेबलाची कड घट्ट धरून बसून राहिला.

"नव्व्याण्णव, शंभर! येऊ का?"

कुणी ओ दिली नाही. ताईनं डोळे उघडले. साठ वर्षांची बाई, पण चेहरा असा, की धाकट्याला तो कधी बघायला मिळाला नव्हता. तो जन्माला आला तेव्हा असेल कदाचित. ती पलंगाखाली वाकली. "इथं नाही बाई!" आतल्या खोलीत गेली, कपाटं उघडली, लावली. कपड्यांच्या टोपलीचं झाकण उचललं. "इथंही नाही! कुठं गेली ही पोरगी?" प्रत्येक जागा तिनं नीट बघितली. तिला एक्कावन्न वर्षांचं शोधायचं होतं.

खिडकीचा पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. दुपारी बाजूला सारलेला तो आता पुढे ओढलेला होता आणि त्याच्याखाली एक पाय दिसत होता. एकच. छोटासा, उघडा. टाच लाल. पाडलेल्या घराच्या जमिनीसारखी लाल.

धाकट्यानं आपली मधली बहीण पहिल्यांदा बघितली ती अशी, टाचेपासून. त्या पायावरून त्याला नजर हटवावीशी वाटत नव्हती. तोंडातून आवाज निघणार तोच ताई दारात आली.

तिला पाय दिसला. तिनं पदरात काही पडल्यासारखे दोन्ही हात पोटाशी धरले. मग धाकट्याकडे बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"छे बाई," ती मोठ्यानं म्हणाली, "इथं तर कुणीच नाही!" आणि पाय जोरजोरात आपटत स्वयंपाकघरात निघून गेली.

पडद्याखालची बोटं एकदा आवळली. मग, चूक उशिरा लक्षात यावी तसा, तो पाय हळूच आत ओढून घेतला गेला.